वर्दीच्या वहीत न उतरणारा धूर

प्रति,
मा. आयुक्त,
अकोला महानगरपालिका, अकोला

विषय : अग्निशमन जवानांच्या धूरसंपर्काची वैयक्तिक नोंद ठेवण्याबाबत

महोदय,

जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीत फ्रान्समधील लियाँ येथे काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०२२ मध्ये अग्निशमनाचा व्यवसाय ‘पहिल्या गटात’, म्हणजे माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत असल्याची खात्री पटलेल्या घटकांच्या गटात, समाविष्ट केला. २००७ मध्ये याच संस्थेने तो दोन पायऱ्या खाली, ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा गटात ठेवला होता. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुस व पोट यांच्या आवरणाचा कर्करोग, आणि मूत्राशयाचा कर्करोग या दोहोंबाबत पुरावा पुरेसा मानला गेला. मोठे आतडे, प्रोस्टेट व वृषण यांचे कर्करोग, त्वचेचा मेलानोमा आणि लसिकासंस्थेचा नॉन-हॉजकिन लिम्फोमा यांबाबत तो मर्यादित ठरला. हा गट पुराव्याची खात्री सांगतो, धोका किती मोठा आहे हे सांगत नाही, ही मर्यादा येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण या निष्कर्षाने घाबरून जाणे आणि त्याकडे दुर्लक्ष करणे या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच निरुपयोगी आहेत.

धोक्याच्या प्रमाणाचा अंदाज अन्यत्र मिळतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने शिकागो, फिलाडेल्फिया आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांतील सुमारे ३०,००० जवानांच्या १९५० ते २००९ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत कर्करोगाचे निदान ९ टक्क्यांनी, कर्करोगाचे मृत्यू १४ टक्क्यांनी अधिक आढळले आणि मेसोथेलिओमाचे प्रमाण सुमारे दुप्पट निघाले. जवानाने आगीवर घालवलेल्या तासांबरोबर फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते, असेही त्याच अभ्यासमालेत दिसले. या तासांचा अंदाज बांधता आला तो केवळ कोणता जवान कुठे नेमलेला होता आणि कोणती गाडी किती आगींवर गेली हे दप्तरात लिहिलेले होते म्हणून, आणि प्रस्तुत पत्राचा सारा रोख या एका गोष्टीकडे आहे.

अकोल्याच्या आगीचे स्वरूप अमेरिकी घरांच्या आगीपेक्षा वेगळे आहे. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख असल्याने जिनिंग-प्रेसिंगमधील रुई, सरकी आणि बांधलेल्या गाठी हे येथील मोठ्या आगींचे नेहमीचे इंधन होय. दाबून बांधलेली गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते, पाणी तिच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, आणि म्हणून ती फोडून, उकलून, पुन्हा भिजवावी लागते. ज्वाळा दिसेनाशा झाल्यावर चालणाऱ्या या कामाला दलात ‘कूलिंग’ म्हणतात आणि ते तासन्‌तास, प्रसंगी दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. बी.ए. सेट, म्हणजे पाठीवरील सिलिंडरातून स्वच्छ हवा पुरवणारे श्वसनयंत्र, जेमतेम अर्धा-पाऊण तास पुरते. साहजिकच मोठ्या ज्वाळांसमोर ते चढते आणि कूलिंगच्या वेळी उतरते. धोका मात्र तेव्हा संपलेला नसतो, कारण अर्धवट ज्वलनातून बेंझिन, फॉर्माल्डिहाइड आणि काजळीच्या कणांना चिकटून राहणारी बहुवलयी हायड्रोकार्बन संयुगे बाहेर पडतच असतात. शेडच्या छपराचे सिमेंटचे पत्रे तडकून खाली आले असतील, तर त्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असण्याची शक्यता असते. असे पत्रे भारतात आजही विकले जातात, आणि मेसोथेलिओमाचे प्रमुख कारण हेच तंतू आहेत.

धूर नाकावाटेच शरीरात जातो ही समजूतही अपुरी आहे. काजळीतील संयुगे मान, मनगटे आणि जांघा येथील पातळ त्वचेतून आत शिरतात, आणि त्वचा तापलेली व घामेजलेली असताना हे शोषण वाढते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या अकोल्यात जाड फायर सूट घालून राहणे हीच एक शिक्षा असल्याने तो शक्य तितक्या लवकर उतरवला जातो, आणि उघडी पडते ती नेमकी शोषणास सर्वाधिक अनुकूल झालेली त्वचा. थंड प्रदेशांतील दलांसाठी लिहिलेल्या नियमपुस्तिकांत या पेचावर उत्तर सापडणार नाही. ते विदर्भातच शोधावे लागेल, आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय नागपुरातच असल्याने त्यासाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही.

विदर्भात कर्करोगाचे नाव निघाले की बोट प्रथम तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याकडे वळते. तोंडाच्या कर्करोगाबाबत ते योग्यही आहे. परंतु मेसोथेलिओमाचा तंबाखूशी संबंध आढळलेला नाही, आणि मूत्राशयाच्या कर्करोगात धूम्रपान हे मोठे कारण असले तरी त्यामुळे व्यवसायाचा वाटा पुसला जात नाही. सवयीकडे बोट दाखवणे सोयीचे असते, कारण त्यात मालकाचा खर्च होत नाही.

कायद्याची स्थिती या दृष्टीने विलक्षण आहे. १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत अग्निशमन दलातील नोकरीचा स्पष्ट उल्लेख होता, तर तिसऱ्या अनुसूचीच्या ‘ब’ भागात, म्हणजे ठरावीक व्यावसायिक रोगांच्या यादीत, अ‍ॅस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा आणि मूत्राशयाच्या अंतःस्तराचा कर्करोग हे दोन्ही होते. हे विषय आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले आहेत. याचा अर्थ जवानही कायद्यात आहे आणि रोगही कायद्यात आहे. गैरहजर आहे तो या दोहोंना जोडणारा दुवा, म्हणजे त्या जवानाचा त्या घातक द्रव्याशी संपर्क आल्याचा पुरावा. मेसोथेलिओमा संपर्कानंतर वीस ते चाळीस किंवा त्याहूनही अधिक वर्षांनी प्रकट होतो. तोवर जवान निवृत्त झालेला असतो आणि कंत्राटी असेल तर त्याचा कंत्राटदारही बदललेला असतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांताने २००२ मध्ये ही अडचण उलट बाजूने सोडवली: ठरावीक कर्करोग झालेल्या जवानाचा रोग व्यवसायजन्य असल्याचे गृहीत धरायचे आणि तसे नसल्यास ते सिद्ध करण्याचा भार दुसऱ्या बाजूवर टाकायचा. तसा कायदा करणे महापालिकेच्या हाती नाही. वही मात्र तिच्याच हाती आहे.

आगीची वर्दी आली की वेळ, ठिकाण, गाडी, संभाव्य कारण आणि मालमत्तेचे नुकसान यांची नोंद अहवालात करण्याची पद्धत असते, आणि किती रुई जळली याचा हिशेब विम्यासाठी पुढे कामीही येतो. त्याच अहवालाला एक पान जोडावे आणि त्यावर प्रत्येक जवानाचे नाव, कायम की कंत्राटी याचा भेद न करता, धुरात घालवलेला वेळ, त्यापैकी बी.ए. सेट लावलेला वेळ, काय जळत होते आणि पत्रे फुटले होते काय, एवढे लिहावे. त्याची प्रत जवानाला द्यावी आणि मूळ नोंद त्याच्या निवृत्तीनंतर किमान चाळीस वर्षे जपावी. या पानाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही.

ज्याला खर्च येतो तेही आवाक्याबाहेरचे नाही. स्वीडनमधील शेलेफ्टिओ या अकोल्याहून कितीतरी लहान शहराच्या दलाने काजळलेला पोशाख घटनास्थळीच बंद पिशवीत भरण्याची, तो गाडीच्या केबिनमध्ये न आणण्याची आणि केंद्रावर स्वतंत्र यंत्रात धुण्याची पद्धत रुजवली, जिचे अनुकरण पुढे अनेक देशांनी केले. प्रत्येक जवानाला सुटाचा दुसरा जोड, केंद्रावर पोशाख धुण्याचे वेगळे यंत्र, तोंड व मान पुसण्यासाठी गाडीतच ओले रुमाल, तसेच येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने मूत्रतपासणीसह वार्षिक आरोग्य तपासणी, इतकी ही यादी आहे. अग्निशमन दल राखणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ नुसार बंधनकारक कर्तव्य आहे, आणि बांधकाम परवानगीच्या वेळी २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली नागरिकांकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्काचा याहून सरळ उपयोग दुसरा नसेल.

दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो १९४४ मधील मुंबई गोदीच्या स्फोटात मृत्यू पावलेल्या ६६ जवानांच्या स्मरणार्थ. ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजावरील ती आग कापसाच्या गाठींतच लागली होती. येत्या १४ एप्रिलच्या संचलनापूर्वी अकोल्याच्या केंद्रावरील अहवालाला हे एक पान जोडले जावे, एवढी विनंती आहे.

अकोला शहरातील एक करदाता नागरिक