थंडीतली पुस्तकं: समशेर, लंपन आणि मुकुंद



येळवस झाली की आपल्याकडे थंडी खरी बसते. बीदरच्या पठारावर सकाळी बोलताना तोंडातून वाफ निघते, आळंद-कलबुर्गीकडे घरोघरी तुरीच्या शेंगा उकडतात आणि संध्याकाळी सातलाच गोधडीत शिरावंसं वाटतं. दहावी-बारावीवाल्यांनी या दिवसांत गोष्टीचं पुस्तक हातात घेतलं की घरचे डोळे वटारतात, हे मला ठाऊक आहे. पण झोपण्याआधीची वीस मिनिटं मागून घ्या. तेवढी पुरतात.

यंदा काय वाचायचं, असं अनेकांनी विचारलंय. त्याला जोडून आणखी एक वाक्यही नेहमी ऐकू येतं, "मराठी बोलतो आम्ही, पण पुस्तकातलं मराठी आमचं नाही." शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची, देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलेली, घरात "काय करलालास?" आणि पुण्याच्या भावंडांसमोर तेच वाक्य तोंडातल्या तोंडात. म्हणून आजची यादी जरा या अडचणीकडे बघूनच केली आहे.

आधी नवी पुस्तकं. भारत सासणे यांच्या 'समशेर आणि भूतबंगला' या कादंबरीला 2024 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. नावावरूनच कळतं की मामला रहस्याचा आहे. हेच सासणे 2022 च्या एप्रिलमध्ये उदगीरला झालेल्या 95 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. उदगीर म्हणजे आपलं शेजारचंच गाव, आणि 1956 पर्यंत तर बीदर जिल्ह्यातलाच तालुका. राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा उदगीर, निलंगा आणि अहमदपूर पलीकडे गेले. भालकी, औराद, बसवकल्याण अलीकडे राहिले. आजोबा-आजींना विचारलंत तर पुस्तकापेक्षा मोठी गोष्ट ऐकायला मिळेल.

त्याआधी 2022 साली हाच पुरस्कार संगीता बर्वे यांच्या 'पियूची वही'ला आणि 2021 साली संजय वाघ यांच्या 'जोकर बनला किंगमेकर'ला मिळाला. दोन्ही कादंबऱ्याच. ज्यांनी आजवर मराठी पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही त्यांनी 'पियूची वही'पासून सुरुवात करावी. मुलीनं लिहिलेली वही आहे, त्यामुळे भाषा बोलल्यासारखी आहे.

मात्र एक स्पष्टच सांगते. ही नवी पुस्तकं दहा ते तेरा वर्षांच्या मुलांना जास्त भावतील. इंग्रजीत 'यंग अडल्ट' नावाचं अख्खं कपाट असतं, तसं पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी वेगळं कपाट मराठीत अजून भरलेलं नाही. 'कुमार' म्हणून जे छापलं जातं त्यातलं बरंचसं सातवीपाशी थांबतं. म्हणून मोठ्या मुलामुलींना मी थोडी जुनी पुस्तकं सुचवते. ती या वयाच्या मुलांसाठी म्हणून लिहिलेली नव्हती, पण आहेत त्यांचीच.

पहिला मान लंपनचा. प्रकाश नारायण संत यांची 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' ही चार पुस्तकं. पहिलं 1994 चं. काटेकोर बोलायचं तर हे कथासंग्रह आहेत, पण क्रमानं वाचलं की एकच लांबलचक कादंबरी होते. लंपन आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहून शिकतो. शिकण्यासाठी कलबुर्गीला किंवा बीदरला मावशीकडे, नाहीतर हॉस्टेलवर राहिलेल्या आपल्या मुलांना त्याची रात्रीची आईची आठवण वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. गाव बेळगावच्या बाजूचं. कन्नड शब्द त्याच्या बोलण्यात असे मिसळलेले असतात, जशी आपल्या ताटात आंबील. 'म्याड' हा त्याचा लाडका शब्द. लेखक कुठेही त्याचं मराठी दुरुस्त करायला जात नाही. संत हे कवयित्री इंदिरा संतांचे चिरंजीव, म्हणजे शुद्ध मराठी घरातच होतं! तरी त्यांनी मुलाच्या तोंडी सीमेवरची बोली तशीच ठेवली, आणि मौजेसारख्या प्रकाशनानं ती छापली. पुण्यामुंबईच्या वाचकांनी ती डोक्यावर घेतली. आपली बोली बेळगावपेक्षा वेगळी आहे, तिच्यात दखनीही आहे. तिच्यातला लंपन अजून कुणी लिहिलेला नाही. 2024 साली 'लंपन' ही मालिका सोनी लिव्हवर आली. ती पाहिली असेल तरीही पुस्तक वाचाच, कारण त्याच्या डोक्यात चाललेलं सगळं पडद्यावर कसं येणार?

दुसरं पुस्तक मिलिंद बोकील यांचं 'शाळा'. 2004 ची कादंबरी, काळ आणीबाणीचा. मुकुंद जोशी नववीत आहे आणि वर्गातल्या शिरोडकरवर त्याचा जीव जडलाय. मित्रांच्या गप्पांत थोडी शिवीगाळही आहे. काही पालक विचारतात, मुलांच्या हातात हे द्यावं का? द्यावं. पंधराव्या वर्षी जे मनात चालतं ते इथे चोरून किंवा चवीनं न सांगता सरळ सांगितलं आहे. आणि त्यातला नरूमामा! भाच्याशी मित्रासारखं बोलणारा असा मामा प्रत्येकाला मिळायला हवा.

तिसरं भाषांतर आहे. मार्जरी रॉलिंग्ज यांच्या 'द इयरलिंग' या 1938 च्या अमेरिकन कादंबरीचं राम पटवर्धनांनी केलेलं 'पाडस'. फ्लोरिडाच्या रानातलं गरीब शेतकरी कुटुंब, मुलगा ज्योडी आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पोर. ते मोठं होतं आणि कोवळं पीक खाऊ लागतं. शेवट सांगत नाही. काळविटांनी रात्रीत उभं पीक फस्त केल्याचं बीदरकडच्या शेतकऱ्याला नवं नाही, त्यामुळे ज्योडीच्या बापाची बाजूही आपल्या मुलांना कळेल. शहरातल्या वाचकाला ती जरा उशिरा कळते.

गोधडीत बसून बर्फ वाचायचा असेल तर प्रभाकर पेंढारकरांचं 'रारंग ढांग' आहे. हिमालयात रस्ते बांधायला गेलेला तरुण इंजिनिअर आणि लष्करी शिस्तीशी त्याचा झगडा. अकरावी-बारावीत सायन्स घेतलेल्यांनी जरूर वाचावं.

पुस्तकं मिळवायची कशी? उदगीर, लातूर किंवा सोलापूरला कुणी जाणार असेल तर नावं चिठ्ठीवर लिहून द्या; ऑनलाइनही मागवता येतात. पैसे खर्च न करता सुरुवात करायची तर बालभारतीचं 'किशोर' मासिक बघा. 1971 पासूनचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. वाचताना अडखळायला झालं तर पहिली दहा पानं आजीला मोठ्यानं वाचायला सांगा. लंपनच्या बाबतीत कन्नड शब्दांचा अर्थ तुम्ही तिला सांगाल की ती तुम्हाला, ते घराघरावर अवलंबून आहे.