मंगळसूत्र काढायला का सांगतात?

मैत्रिणींनो, छातीचा फोटो काढताना "गळ्यातलं काढून ठेवा" म्हटलं की आमच्या दुसरबीडकडच्या कितीतरी जणी कचरतात. कुणी ते पदराआड दडवते, तर कुणी फोटोच टाळते.

या सांगण्यामागचं कारण १८९५ सालीच दिसलं होतं. जर्मनीतले प्राध्यापक राँटजेन यांना त्या नोव्हेंबरात क्ष-किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी बर्था यांच्या हाताचा फोटो घेतला. त्यात मांस पुसट, हाडं स्पष्ट आणि बोटातली अंगठी सगळ्यांत ठळक! कारण धातू हे किरण अडवतो. तसाच आपल्या मंगळसूत्राखाली फुप्फुसावरचा क्षयाचा डाग झाकला जाऊ शकतो.

तेव्हा फोटोआधी मंगळसूत्र, साखळी, पिना काढाव्यात. वेणी वर बांधावी. पाळी चुकली असेल तर न लाजता आधी सांगावं. दोन आठवडे खोकला हटला नाही, तर घरच्या काढ्यावर दिवस काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावं.

मंगळसूत्र रुमालात बांधून सोबतच्या बाईजवळ द्या. पाच मिनिटांत ते पुन्हा गळ्यात येतं. आणि हो, सासूबाईंनाही हे नीट समजावून सांगा.