ठाण्याला रेंज नाही, म्हणून फिर्याद का थांबावी?

‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ बँकेत हे ऐकलं की आपण चिडतो आणि परत जातो. अॅट्रॉसिटीची फिर्याद घेऊन ठाण्यात गेलेल्याला मात्र ‘उद्या’ परवडत नाही. आजची मजुरी बुडालेली असते, उद्याचीही बुडणार असते. मधली रात्र त्याच गावात काढायची असते, ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्या नजरेखाली. त्या एका रात्रीत निरोप येतात, ‘मिटवून टाका’ सुरू होतं. आणि पुढे खटल्यात आरोपीचा वकील विचारतो, फिर्याद द्यायला उशीर का झाला?

ठाण्यांची अवस्था वाईट आहे, हे खरंच आहे. संसदेच्या गृहविषयक स्थायी समितीच्या २०२२च्या अहवालानुसार १ जानेवारी २०२० रोजी देशातल्या १६,८३३ ठाण्यांपैकी ६३८ ठाण्यांत टेलिफोन नव्हता, १४३ ठाण्यांत वायरलेस किंवा मोबाइल नव्हता. सगळी ठाणी एका जाळ्यात जोडणारा सीसीटीएनएस प्रकल्प २००९ मध्येच मंजूर झाला होता, २,००० कोटी रुपयांच्या तरतुदीसह. डोंगरातल्या ठाण्याचा हवालदार रेंज शोधत आवारात फिरतो, तेव्हा तो दरवेळी बहाणा करत असतो असं मी म्हणणार नाही.

पण फिर्याद नोंदवायला इंटरनेट लागतं, हे मात्र मला मान्य नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की तोंडी दिलेली माहिती अधिकाऱ्याने लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची. कागद आणि पेन पुरेसं आहे. दखलपात्र गुन्ह्यात एफआयआर बंधनकारक आहे, हे ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितलं. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १८-अ प्रमाणे तर आधी प्राथमिक चौकशीचीही गरज नाही.

नेटवर्कची अडचण न्यायालयाला माहीत नव्हती असंही नाही. यूथ बार असोसिएशनच्या २०१६च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकायला सांगितला (लैंगिक गुन्ह्यांसारखे संवेदनशील गुन्हे वगळून). दुर्गम भागात जोडणी नसेल तर ४८ तास, फार तर ७२. ही सवलत संकेतस्थळावर टाकण्यापुरती आहे. नोंदवून घेण्याला एका तासाचीही सवलत नाही. ठाण्यात नेमका हाच फरक पुसला जातो. आणि तो सगळ्यांसाठी सारखा पुसला जात नाही. गावच्या पुढाऱ्याची फिर्याद सर्व्हरसाठी थांबते का, हे ज्याने त्याने आपापल्या तालुक्यात बघावं.

नव्या कायद्याने ई-एफआयआरही आणला. घरबसल्या तक्रार पाठवा, पण तीन दिवसांत जाऊन सही करा. शहरात ही सोय आहे. गावात त्याच ठाण्याची तीच वाट पुन्हा चालायची.

म्हणून ठाण्याला पक्की जोडणी हवी, ही मागणी आपली असली पाहिजे. तारीख-वेळेसह यंत्रात गेलेली नोंद नंतर फिरवणं कठीण असतं. परमवीर सिंह सैनी खटल्यात २०२० मध्ये ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही लावण्याचा आदेश झाला. वीज किंवा इंटरनेट नसेल तिथे ते पोहोचवणं राज्याचं कर्तव्य आहे, असंही त्यातच आहे. ‘नेट नाही’ ही सबब राज्याला तेव्हापासूनच उरलेली नाही. आणि इंटरनेट बंद करायचं असतं तेव्हा राज्याला वेळ लागत नाही. २ एप्रिल २०१८च्या भारत बंदला, अॅट्रॉसिटी कायदा वाचवण्यासाठी आपण रस्त्यावर होतो, तेव्हा पंजाबपासून मध्य प्रदेशपर्यंत अनेक ठिकाणी ते बंद झालंच होतं.

उशिराची किंमत रुपयांतही आहे. अॅट्रॉसिटीच्या बऱ्याच गुन्ह्यांत अर्थसाहाय्याचा पहिला हप्ता एफआयआर झाल्यावरच मिळतो. एफआयआर अडला की दवाखान्याचा खर्च उसनवारीवर येतो.

घरातला पहिला पदवीधर म्हणून असे फोन आपल्यालाच येतात, ‘तू शिकलेला, चल जरा सोबत.’ जाताना लेखी फिर्यादीच्या दोन प्रती न्या. एका प्रतीवर शिक्का, तारीख आणि वेळ घालून पोच घ्या, स्टेशन डायरीतला नोंद क्रमांक मागा. ठाणे अंमलदार (उत्तरेत मुन्शी) नेट नाही म्हणाला, तर ‘हे लेखी द्या’ म्हणा. तरीही नकार आला तर तीच फिर्याद टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि १४५६६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करा. कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकाला कलम ४ ची शिक्षा आहे. ते अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकसेवकालाच लागू होतं आणि आधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते, त्यामुळे वाट लांबची आहे. त्याआधी माहिती अधिकाराचा एक साधा अर्ज करा: त्या तारखेला ठाण्याची जोडणी किती वाजता बंद पडली, किती वाजता सुरू झाली, आणि त्या वेळेत आणखी कोणाकोणाचे एफआयआर नोंदवले गेले?