बिचाऱ्याला एक संधी द्या म्हणे!

दर मे महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या बड्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर हाकलला जातो आणि लगेच भजन सुरू होतं. अमक्या छोट्या क्लबच्या तमक्याने तुटपुंज्या पैशात बघा काय करून दाखवलं! आता त्याला मोठ्या क्लबात एक संधी मिळायलाच हवी. रात्री बारा वाजता जर्सी चढवून टीव्हीपुढे बसणारी आपली मुंबई-पुण्याची मंडळीही त्यात टाळ कुटतात. मला या 'मिळायलाच हवी'ची चीड आहे. मोठ्या क्लबचं मॅनेजरपद म्हणजे सज्जन माणसाला निवृत्तीआधी द्यायची शाल आणि श्रीफळ नव्हे. छोट्या क्लबात चांगलं काम केलं, हे मोठ्या क्लबात चांगलं काम करण्याचं प्रमाणपत्र नाही. कारण काम तेच नाही.

डेव्हिड मॉयस हा या भाबडेपणाचा सगळ्यात महागडा पुरावा. 2002 च्या मार्चमध्ये तो एव्हर्टनला आला आणि 2013 पर्यंत राहिला. क्लब कायम कफल्लक, तरी बहुतेक मोसम वरच्या अर्ध्यात. 2004-05 मध्ये तर चौथा क्रमांक. त्याच वर्षी युरोप जिंकणारं शेजारचं लिव्हरपूल मागे, पाचव्या जागी. हे सोपं नव्हतं आणि मी ते नाकारत नाही. पण अकरा वर्षांत कपाटात करंडक एकही आला नाही. 2009 च्या एफए कपच्या अंतिम फेरीत एव्हर्टनने 25 व्या सेकंदाला गोल केला आणि चेल्सीकडून 2-1 ने सामना घालवला. आणि खरी गंमत पुढेच आहे. या अकरा वर्षांत ओल्ड ट्रॅफर्ड, अॅनफील्ड, स्टॅमफर्ड ब्रिज आणि आर्सेनलचं मैदान, या चार ठिकाणी मॉयसच्या एव्हर्टनने लीगचा एकही सामना जिंकला नाही. एकही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं, गरिबाने तिथे जिंकायचं तरी कसं? विगनला विचारा. विगन एव्हर्टनहून कितीतरी लहान, कायम बुडण्याच्या काठावर. 2012 च्या मार्च-एप्रिलमध्ये काही आठवड्यांच्या अंतराने ते अॅनफील्डवर जिंकले आणि आर्सेनलच्या घरीही जिंकले. म्हणजे प्रश्न पैशाचा नव्हता. मॉयसचा संघ अशा मैदानांवर जाताना न हरण्याची तयारी करून जायचा, आणि बहुतेक वेळा हरून किंवा बरोबरी करून यायचा.

तरीही 2013 मध्ये अॅलेक्स फर्ग्युसन निवृत्त होताना त्यानेच मॉयसचं नाव सुचवलं, आणि मँचेस्टर युनायटेडने सहा वर्षांचा करार हातात ठेवला. ही निवड मॅनेजरची नव्हतीच, ती लग्नाच्या बैठकीतली निवड होती. मुलगा आपल्याच ग्लासगोचा. घरचं वळण चांगलं, नोकरी टिकवून असतो, उधळपट्टी नाही, थोरामोठ्यांपुढे मान खाली. पसंत आहे मुलगा! फर्ग्युसनने निरोपाच्या दिवशी प्रेक्षकांना नव्या मॅनेजरच्या पाठीशी उभं राहायला बजावलं, स्टँडमध्ये 'निवडलेला तो हाच' असा भलामोठा फलक लागला, आणि या माणसाचा संघ चेंडू घेऊन नेमकं काय करतो, हा प्रश्न सगळ्यांनीच गिळला.

माझ्या मते तपासायचं तेवढंच आहे. छोट्या क्लबच्या मॅनेजरचं रोजचं काम असतं समोरच्याला खेळू न देणं. चेंडू बहुतेक वेळ दुसऱ्याकडे. आपण दोन ओळी करून उभं राहायचं, जागा बुजवायच्या, कॉर्नर किंवा फ्री किक मिळाली की उंच माणसं पुढे पाठवायची, एक गोल काढायचा आणि घड्याळाकडे बघायचं. हे जमवणारा माणूस हुशार असतो, शिस्तीचा असतो, मेहनती असतो. मोठ्या क्लबात पहिल्याच शनिवारी त्याच्यासमोर नेमका असाच दुसरा संघ उभा राहतो. अकराच्या अकरा आपल्या गोलपुढे, हलायला तयार नाहीत, आणि चेंडू मात्र आपल्याकडे. भिंत बांधण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती फोडायला सांगितली जाते.

9 फेब्रुवारी 2014, ओल्ड ट्रॅफर्ड. समोर गुणतक्त्यात तळाला असलेला फुलहॅम. त्यांच्या बेंचवर रेने म्युलेनस्टीन, म्हणजे फर्ग्युसनच्या हाताखालचा तोच प्रशिक्षक, जो मॉयस आपली माणसं घेऊन आल्यावर युनायटेडमधून बाहेर पडला होता. मॉयसच्या हाताशी रूनी, व्हॅन पर्सी आणि पंधरवड्यापूर्वीच चेल्सीकडून 3 कोटी 71 लाख पौंडांना आणलेला हुआन माता. फुटबॉल ज्याच्या पायात गुणगुणतो असा खेळाडू. आणि योजना काय? चेंडू बाजूला न्या आणि उंच टाका. पुन्हा बाजूला न्या, पुन्हा टाका. आकडेवारी ठेवणाऱ्या ऑप्टाच्या मोजणीत त्या नव्वद मिनिटांत युनायटेडने 81 क्रॉस टाकले. फुलहॅमच्या बचावात दोन मीटर उंचीचा डॅन बर्न उभा होता. त्याच्या डोक्यावर चेंडू टाकणं म्हणजे पोस्टमनच्या हातात पत्र देण्यासारखंच. सामन्यानंतर त्याने सांगितलं की इतके हेडर आपण पाचव्या पातळीवरच्या लीगमध्ये खेळायचो तेव्हापासून मारले नव्हते. अखेरच्या टप्प्यात युनायटेडने दोन मिनिटांत दोन गोल करून आघाडी घेतली खरी, पण भरपाईच्या वेळेत डॅरेन बेंटने 2-2 केलं. 81 वेळा तोच दरवाजा ठोठावणाऱ्याला मी दुर्दैवी म्हणणार नाही. त्याला दुसरा दरवाजा माहीत नव्हता.

मार्चमध्ये मँचेस्टर सिटीने घरी येऊन 3-0 धुतलं, तेव्हा मॉयसने मुलाखतीत सांगितलं की आपण गाठायची पातळी ही अशी आहे. दहा महिन्यांपूर्वी युनायटेड याच सिटीच्या 11 गुण पुढे राहून विजेते झाले होते! एव्हर्टनच्या मॅनेजरच्या तोंडी हे वाक्य शोभलं असतं, नम्र वाटलं असतं. युनायटेडच्या मॅनेजरच्या तोंडी ते राजीनाम्यासारखं ऐकू आलं.

आता कुणी म्हणेल, फर्ग्युसनही छोट्या क्लबातूनच आला होता. आला होता, अॅबर्डीनमधून, 1986 च्या नोव्हेंबरमध्ये. पण कसा आला होता ते पाहा. सेल्टिक आणि रेंजर्स या दोन धनदांडग्यांना बाजूला सारून 1980, 1984 आणि 1985 ची स्कॉटिश लीग जिंकून. 11 मे 1983 ला गोथेनबर्गमध्ये रेआल माद्रिदला 2-1 हरवून युरोपातला एक करंडक उचलून. आणि मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो दहा दिवसांनंतरचा प्रसंग. स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात अॅबर्डीनने रेंजर्सला जादा वेळेत 1-0 हरवलं. करंडक हातात, खेळाडू आनंदात. आणि फर्ग्युसन टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे उभा राहून स्वतःच्याच संघाला झोडपतोय. खेळ लाजिरवाणा झाला म्हणतोय, मिलर आणि मॅकलीश हे दोघं सोडले तर बाकीच्यांना एकही शाबासकी नाही. नंतर त्याने माफी मागितली, तो भाग वेगळा. पण या माणसाला जिंकणं पुरत नव्हतं, कसं जिंकलो हेही त्याला सलत होतं. त्याच्या डोक्यात मोठा क्लब आधीपासून होता. पत्ता फक्त अॅबर्डीनचा होता. मॉयस हरून समाधानाची वाक्यं बोलत होता. दोघांनाही 'कमी पैशात जास्त' या एकाच खान्यात टाकणाऱ्यांची मला कीव येते.

वेळ दिला नाही, हा आणखी एक लाडका आक्षेप. संघ म्हातारा होता हे खरं. फर्डिनांड, व्हिडिच, एव्हरा, गिग्ज यांचे दिवस सरत आले होते, आणि बोर्डरूममध्येही डेव्हिड गिल जाऊन खरेदीत नवखा एड वुडवर्ड आला होता. एव्हर्टनच्या फेलायनीचा 2 कोटी 35 लाख पौंडांचा ठरलेला दर जुलैअखेर संपू दिला आणि शेवटच्या दिवशी 2 कोटी 75 लाख मोजले, असला तो कारभार. पण गतविजेत्यांनी 64 गुणांवर सातवं यावं इतकं म्हातारपण एका उन्हाळ्यात येत नाही. आणि त्याच मोसमात मॉयसच्या मागे राहिलेल्या एव्हर्टनचं काय झालं? विगनहून आलेल्या रॉबर्टो मार्टिनेझच्या हाताखाली ते डिसेंबरमध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर 1-0 जिंकले. 1992 नंतर पहिल्यांदाच. मोसमाअखेर 72 गुण, पाचवा क्रमांक, युनायटेडच्या वर. एप्रिलमध्ये गुडिसन पार्कवर त्यांनी युनायटेडला 2-0 हरवलं आणि दोन दिवसांनी मॉयसला नारळ मिळाला. मला विचाराल तर सहा महिने उशीरच झाला. पुढे 2023 मध्ये याच मॉयसने वेस्ट हॅमला युरोपचा कॉन्फरन्स लीग करंडक जिंकून दिला. आपल्या मापाच्या घरी तो पुन्हा चांगलाच निघाला, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

ग्रॅहम पॉटरची गोष्ट निराळी वाटते. तो भिंती बांधणारा नव्हता. त्याचा ब्रायटन देखणे पास द्यायचा, आणि 2021-22 मध्ये नववा आला. चेल्सीने 2022 च्या सप्टेंबरमध्ये त्याला उचललं. उचलण्यापूर्वी कुणी एवढं तरी बघायचं, की त्या देखण्या मोसमात 38 सामन्यांत गोल अवघे 42 होते. पास खूप आणि जाळ्यात चेंडू नाही, तर भिंत इथेही उभीच राहिली ना! त्याहून मोठा घोळ म्हणजे कर्तृत्व नेमकं कुणाचं, हेच चेल्सीला कळलं नाही. ब्रायटनमध्ये मालक टोनी ब्लूमची माणसं आकडेवारी चाळून कैसेदो आणि मॅकअॅलिस्टर हुडकून आणत होती. पॉटर गेला, डे झेर्बी आला, आणि ब्रायटन नवव्याचे सहावे होऊन इतिहासात पहिल्यांदा युरोपात पोचले. चेल्सीने पॉटरला एप्रिलमध्ये घरी पाठवलं तेव्हा ते अकरावे होते. यंत्राऐवजी यंत्रावरची पाटी विकत घेतली, तीही 2 कोटी पौंडांहून जास्त भरपाई मोजून.

हे सगळं साहेबाच्या देशातलं म्हणून आपण हसायचं कारण नाही. आपल्या मुंबईचे खालिद जमील घ्या. मुंबई एफसीला वर्षानुवर्षं घसरगुंडीतून वाचवणारे प्रशिक्षक. क्लबने 2016 मध्ये त्यांना सोडलं. पुढच्याच मोसमात क्लब तळाला जाऊन बुडाला आणि जमील यांनी मिझोरामच्या आयझॉलला आय-लीगचं विजेतेपद मिळवून दिलं. तेही अशा आयझॉलला, जे आदल्या वर्षी खाली घसरले होते आणि गोव्याचे क्लब स्पर्धेतून बाहेर पडले म्हणून परत घेतले गेले होते. भारतीय फुटबॉलमधली ही सर्वोत्तम गोष्ट आहे, आणि तिच्यावर कुणी अजून धड सिनेमा काढला नाही याचं मला नवल वाटतं. मग व्हायचं तेच झालं. ईस्ट बंगालने त्यांना कोलकात्याला नेलं. सोबत आयझॉलचा मधल्या फळीतला अल-अमनाही आला. 2004 पासून लीगची तहान लागलेला क्लब, हजारो डोळे, आणि समोरचा प्रत्येक संघ एका गुणासाठी आत दडून बसलेला. क्रमांक चौथा आला. मोहन बगानविरुद्धचे दोन्ही डर्बी सामने हरले. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला हंगामी म्हणून हाती घेतलं तेव्हा साखळीत एकही सामना न हरता उपांत्य फेरी. कायम नेमणूक झाल्यावर पुढच्या मोसमात अकरा संघांत दहावा नंबर.

2025 च्या ऑगस्टमध्ये तेच जमील देशाचे प्रशिक्षक झाले. भारतीय माणूस नेमला याचा मला आनंदच झाला होता, अजूनही आहे. खड्डा आधीच खणलेला होता हेही मान्य. आशिया कपच्या पात्रता फेरीत आधीचे प्रशिक्षक मार्केझ यांच्या काळात बांगलादेशशी बरोबरी आणि हाँगकाँगकडून हार होऊन बसली होती. पण निकाल कुठे कसे लागले ते नीट वाचा. आपल्याहून तगड्या ओमानला सप्टेंबरमध्ये पेनल्टीवर नमवलं. तिथे चिवटपणा लागतो, आणि तो या माणसाकडे पोत्याने आहे. अफगाणिस्तानशी मात्र 0-0. मग 14 ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा स्टेडियममध्ये सिंगापूर. आपलं घर, आपले प्रेक्षक, जिंकणं भाग. छांगतेने 14 व्या मिनिटाला फटका जाळ्यात मारला, आणि तिथून आपण 2-1 ने हरून आशिया कपच्या बाहेर गेलो. दुसरा गोल 58 व्या मिनिटाला बसला. त्यानंतर अर्धा तास आपल्याकडे होता. महिन्याभराने ढाक्यात बांगलादेशने 1-0 हरवलं, 2003 नंतर पहिल्यांदा. तो गोल 11 व्या मिनिटाला झाला होता. उरलेल्या ऐंशी मिनिटांत काय करायचं, याचं उत्तर आपल्या बेंचवर नव्हतं. 170 अर्ज चाळून तीन नावं काढणाऱ्यांपैकी कुणी नेमणुकीआधी हा प्रश्न विचारला असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.