पार्श्वभूमी कोणाची?

सामान्य स्त्रीच्या आत्मकथनाविषयी लिहिताना मराठी समीक्षेचे एक वाक्य ठरून गेले आहे: विसाव्या शतकातील स्थित्यंतरांच्या पार्श्वभूमीवर एका साध्या स्त्रीचे जीवन येथे चित्रित झाले आहे. प्रबंधांतून, प्रस्तावनांतून, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून ते बिनदिक्कत फिरत असते. इतिहास म्हणजे मागे टांगलेला पडदा आणि स्त्री ही त्यापुढची आकृती, हे त्यातील गृहीतक मुळातच तपासले पाहिजे.

बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' घ्यावे. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या या कथनाच्या शीर्षकातच 'माझं' नव्हे, तर 'आमुचं' आहे. वीरगावचा महारवाडा, आषाढातील विधी, बाळंतिणीची भूक, सासुरवाशिणींचे हाल, आंबेडकरांच्या चळवळीने पालटलेली मने हे सारे दर्शनी बाजूस आहे. लेखिकेचा स्वतःचा संसार मात्र फारच थोडा येतो. आपल्या ठरीव वाक्याची येथे पुरती उलटापालट झाली आहे. पार्श्वभूमीत गेली आहे ती बाई.

समीक्षेने यावर काय केले? एका पक्षाने पुस्तकाला सामाजिक दस्तऐवज म्हणून गौरविले. (दस्तऐवज म्हटले की रचना, निवेदक यांविषयी बोलण्याची जबाबदारी टळते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'बाबत हीच सोय आपण 'निरागस' या विशेषणाने करून घेतली होती.) दुसरा पक्ष नंतरचा. २००८ मध्ये माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादासोबत छापलेल्या मुलाखतीत कांबळे यांनी नवऱ्याच्या संशयाविषयी व मारहाणीविषयी सांगितले. लेखन वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवल्याचेही सांगितले. तेव्हापासून मुलाखत हेच खरे आत्मचरित्र आणि पुस्तक ही त्याची अपुरी आवृत्ती, असे वाचण्याचा मोह बळावला आहे.

दोन्ही पक्ष संहितेला बगल देतात. पुस्तकात नवऱ्याचे क्रौर्य नाही असे नाही. सुनेचे नाक कापण्यापर्यंतचे आहे. पण ते महारवाड्यातील इतर बायकांच्या वाट्याचे म्हणून येते. 'आम्ही' हे सर्वनाम येथे दुहेरी काम करते. चळवळीने दिलेला सामूहिक आवाज ते धारण करते, आणि त्याच आवाजाच्या आडोशाने, ज्याला त्या चळवळीच्या कथनात जागा नव्हती ते 'मी'चे दुःख दुसरीच्या नावाने बोलून जाते. ही निवेदनाची निवड आहे. तिला अपुरेपणा म्हणणे म्हणजे किराणा दुकानात पुड्यांची रद्दी वाचत लिहित्या झालेल्या बाईला कारागिरी असूच शकत नाही, असे धरून चालणे होय.

१९५६ च्या धर्मांतराला हे पुस्तक मुक्तीचा क्षण मानते, आणि त्यानंतरच्याच वर्षांत ते लिहिणाऱ्या बाईला आपले कागद दडवावे लागत होते. या दोन्ही गोष्टी एकत्र मांडील अशी परिभाषा आपल्याला अजून घडवायची आहे. तोवर निदान 'पार्श्वभूमी' हा शब्द तरी आपण बाजूला ठेवावा.