आकडा पुण्याचा, श्वास आपला

परवा दौंडकडच्या एका आजोबांनी मोबाइल पुढे धरला. ‘‘हवा ‘मध्यम’ दिसली म्हणून पहाटे फिरून आलो, डॉक्टर. मग ही धाप कशाची?’’

वाचकहो, तो आकडा कोणत्या केंद्राचा आहे, हे आधी पाहावे. पुणे शहरातील केंद्रावरून साठ-सत्तर किलोमीटर दूरच्या शिरूर-दौंडची हवा कळत नाही. शिवाय २०१५ पासून देशात वापरला जाणारा वायुगुणवत्ता निर्देशांक सूक्ष्म धूलिकणांची २४ तासांची सरासरी धरतो. पहाटे तासभर पेटलेले उसाचे पाचट त्या सरासरीत विरून जाते. छातीत मात्र विरत नाही. ‘मध्यम’ हे नावही फसवेच. १०१ ते २०० च्या या टप्प्यात दमेकरी, हृदयरुग्ण व वृद्धांना त्रास होऊ शकतो, असे शासकीय कोष्टकच सांगते.

थंडीत पहाटेची गार हवा जमिनीलगत साचते. गुऱ्हाळांचा, शेकोट्यांचा धूर वर जात नाही. म्हणून ऊन वर आल्यावरच फिरावयास जावे. गावातील पाण्याची टाकी नेहमीपेक्षा धूसर दिसली, तर घरातच चालावे. सांभाळणाऱ्यांनी रोज वहीत दोन ओळी लिहाव्यात: धूर होता का, खोकला किती, रात्री उठून बसावे लागले का. तपासणीस येताना ती वही आणावी. मला ती मोबाइलपेक्षा अधिक उपयोगी पडते. इनहेलर आपल्या मनाने बंद करू नये. बसल्या जागी धाप लागली वा ओठ निळसर दिसले, तर १०८ क्रमांकावर तत्काळ रुग्णवाहिका बोलवावी.

आजोबांना मी साडेआठची वेळ नेमून दिली आहे. ती त्यांना अद्याप पटलेली नाही.