तज्ज्ञ फक्त शर्यतीच्या घोड्यालाच?



‘घोड्यांचे तज्ज्ञ म्हणजे शर्यतवाल्यांची चैन’ हे गेल्या अंकातल्या पत्राचे म्हणणे अर्धेच खरे. पत्रलेखकांनी दाखला दिला तो बार्बारोचा.

2006 च्या केंटकी डर्बीचा हा विजेता दोनच आठवड्यांनी प्रीकनेस शर्यतीत जायबंदी झाला. पेनसिल्व्हेनियातल्या न्यू बोल्टन सेंटरमध्ये डॉ. डीन रिचर्डसन यांनी त्याचा मागचा उजवा पाय धातूची पट्टी आणि 27 स्क्रू घालून सांधला. भूल उतरताना धडपडून पाय पुन्हा मोडू नये म्हणून त्याला पाण्याच्या टाकीत तराफ्यावर जागे केले. जानेवारी 2007 मध्ये अखेर दयामरण द्यावे लागले, ते मुख्यतः इतर पायांवर भार येऊन खुरांच्या आत झालेल्या लॅमिनायटिस या दाहामुळे. शस्त्रक्रिया पुढे गेली होती, खुराचे शास्त्र मागे होते.

माथेरानच्या घोड्याला अशी टाकी मिळणार नाही, कबूल. पोटशूळ मात्र त्यालाही होतो. घोड्याला उलटी होत नाही. जठर तुंबले तर फुटू शकते. नाकातून नळी घालून ते रिकामे करणे सरावानेच जमते, आणि दिवसभर गाई-म्हशींत असलेल्या डॉक्टरला तो सराव मिळणार कुठून?

मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाने सारंगखेड्याच्या घोडेबाजाराआधी अशा डॉक्टरांसाठी दरवर्षी उजळणीवर्ग घ्यावा.

— एक वाचक